पाण्याची वेळ, वर्गाची वेळ: पुण्यातल्या एका वस्तीतल्या शाळेनंतरच्या वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या दक्षिणेकडे टेकडीच्या उतारावर चढत गेलेली ही वस्ती. खाली रस्त्यालगत दुकानं, गॅरेज, गणेश मंडळाच्या ताब्यातलं समाजमंदिर. वर जावं तशा गल्ल्या अरुंद होत जातात आणि शेवटच्या घरांपर्यंत गॅसची टाकीसुद्धा खांद्यावरूनच न्यावी लागते. बाया आसपासच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी आणि स्वयंपाकाला जातात. पुरुष रंगकाम, बांधकाम, रिक्षा, हमाली यांत. वस्तीचं आणि भागीदारांचं नाव इथे दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. हे काम करणाऱ्या संस्थेत मी नव्हते. वर्षभराच्या नोंदी नीट लिहून काढायला मला बोलावलं होतं, आणि पुढचं सगळं त्या नोंदींवरून आणि माणसांशी झालेल्या बोलण्यांवरून लिहिते आहे.

संस्था छोटी. 2023 च्या जूनमध्ये, शाळा उघडल्या उघडल्या, त्यांनी सातवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. हाच वयोगट घेण्यामागचं कारण पटण्यासारखं होतं. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. एप्रिल 2010 पासून लागू झाला, पण त्याचं छत्र सहा ते चौदा वयाला आणि आठवीपर्यंतच. महापालिकेच्या बहुतेक शाळाही आठवीला संपतात. नववीला मूल दुसऱ्या शाळेत जातं. तिथे ओळखीच्या बाई नसतात, अंतर वाढतं, गणित अचानक अंगावर येतं आणि घरात कमावता हात हवा असतो. आठवीतून नववीत जातानाच मुलं हातची सुटतात, हे वस्तीत काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

भागीदार

एकट्या संस्थेच्या आवाक्यातलं हे काम नव्हतं, म्हणून भागीदार जोडले गेले. समाजमंदिराची इमारत महापालिकेची, पण किल्ली मंडळाकडे. वरच्या मजल्यावर मंडळाची अभ्यासिका चालते. पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणारी वस्तीतली मुलं संध्याकाळी साडेसातनंतर तिथे बसतात. पूर्वी अशी जागा नगरसेवकाच्या एका फोनवर मिळायची. मार्च 2022 पासून महापालिकेत प्रशासक होते, त्यामुळे परवानगीचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यावा लागला आणि मंडळाला वेगळं सांभाळावं लागलं. कागदावर कार्यालयाचा होकार, प्रत्यक्षात मंडळाचा.

दुसरा भागीदार जवळची महापालिकेची शाळा. तिसरा वस्तीतला महिला बचत गट, जो मुलांना खाऊ करून देणार होता. चौथा एका महाविद्यालयातला राष्ट्रीय सेवा योजनेचा गट. त्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात, तेव्हा शिकवायला माणसं मिळतील असा हिशेब. आणि पाचवी, पैसे देणारी, आयटी पार्कातली एक कंपनी. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि हा हिशेब 31 मार्चला जुळावा लागतो. कंपनीला कोडिंगचा वर्ग हवा होता. जुने लॅपटॉप तिनेच दिले.

करार कित्येक पानी होता आणि तो कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या कायदा विभागानं लिहिला होता. बौद्धिक संपदेवर त्यात स्वतंत्र कलम होतं. गणपतीत समाजमंदिराचं काय होणार, यावर एक ओळ नव्हती. पुण्यातला करार आणि त्यात गणपती नाही! हे वाचून मंडळाचे अध्यक्ष हसले, पण सहीही करून मोकळे झाले.

वेळ कशी ठरली

वर्गाची वेळ ठरली साडेपाच ते साडेसात. ठरवण्याची पद्धत अशी: हॉल केव्हा रिकामा, महाविद्यालयाची मुलं केव्हा मोकळी, अभ्यासिकेची मुलं केव्हा येतात. तीन उत्तरं एकमेकांत बसली आणि वेळ नक्की झाली. बैठकीला वस्तीतलं एकही मूल नव्हतं, बचत गटाच्या ताईंनाही बोलावलं नव्हतं. खाऊचं काम त्यांना नंतर कळवण्यात आलं.

पहिले काही आठवडे झकास गेले. चाळीसेक नावं नोंदली गेली, त्यांत निम्म्याच्या आसपास मुली. जुलैचा अहवाल कंपनीला गेला, त्यात हजेरीचा आकडा चांगला दिसत होता.

अडचण

अडचण आधी दिसली ती खाऊ वाटणाऱ्या ताईंना. मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा शेंगदाण्याची चिक्की, असा साधा खाऊ असायचा आणि तो वर्ग सुटताना वाटायचा असं ठरलं होतं. पण साडेपाचलाच मुली स्वयंपाकाच्या कट्ट्याशी यायला लागल्या. ‘ताई, माझं आत्ताच द्या ना.’ घेतलं की निघाल्या. ताईंनी दोन-तीन दिवस पाहिलं आणि संस्थेच्या संयोजक मुलीला विचारलं, तुमच्या वहीत ह्या हजर आहेत का? वहीत त्या हजर होत्या. हजेरी दारातच घेतली जायची. मुली यायच्या, नाव सांगायच्या, खाऊ घ्यायच्या आणि पाच-दहा मिनिटांत चढण चढून परत जायच्या. रिकाम्या झालेल्या जागा भरून निघाल्या होत्या कॅरम आणि लॅपटॉपच्या ओढीनं नव्यानं येणाऱ्या मुलांनी. म्हणून एकूण आकडा खाली आलाच नाही.

कारण विचारलं तेव्हा नववीतली एक मुलगी म्हणाली, ‘दीदी, नळ काय माझ्यासाठी थांबणार आहे का?’

खालच्या गल्ल्यांत पाणी साडेपाचच्या सुमाराला यायचं. वरच्या गल्ल्यांत ते साडेसहाला पोचायचं आणि तेही कमी दाबानं. बारीक धारेखाली हंडा, कळशी, दोन बादल्या आणि पिंप भरायला तास-सव्वा तास सहज जायचा. आई त्या वेळी शेवटच्या घरची भांडी उरकत असते. भाऊ असला तरी नळावर तो जात नाही, धाकटं पोरही बहिणीच्याच कडेवर असतं. त्यात पुण्यातल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट: दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबानं. वर्गाच्या जुन्या वह्या काढून पाहिल्या तर शुक्रवारी वरच्या गल्लीतल्या मुलींची नावं दारापर्यंतसुद्धा आलेली नव्हती. हे वहीत पहिल्यापासून होतं, पण वही वारांनुसार आणि गल्लीनुसार कुणी वाचलीच नव्हती. महिन्याची बेरीज तेवढी पुढे गेली.

मुलांचंही सगळं सुरळीत नव्हतं. जुलै उजाडला की ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, आणि चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा ढोलाचा टोल की भूमिती यांत काय निवडेल हे सांगायला नको. काही मुलं लग्नसराईत केटररकडे वाढपी म्हणून जायची, काही गॅरेजवर. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे आणि चौदा ते अठरा वयाला धोकादायक कामं वर्ज्य आहेत. बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनं हे स्पष्ट केलेलं आहे. पण संध्याकाळी ‘मामाच्या गॅरेजवर बसतो’ म्हणणाऱ्या मुलाचं वय कोण विचारतो?

पर्याय

ऑगस्टच्या सुरुवातीला सगळ्या भागीदारांची बैठक झाली. या वेळी बचत गटाच्या दोघी होत्या, आणि पहिल्यांदा बोलल्या त्याच.

एक पर्याय होता वेळ तीच ठेवून मुलींसाठी शनिवार-रविवारी वेगळा वर्ग घेण्याचा. कंपनीला तो फार आवडला, कारण तिचे स्वयंसेवक शनिवारीच येऊ शकत. पण रविवारी घरचं धुणं मुलींच्याच वाट्याला, आणि आठवड्यातून एकदा भेटून नववीचं गणित सुटत नाही. माझ्या मते या पर्यायातली खरी गोम वेगळीच होती: मुलांना आठवडाभर मुख्य वर्ग, मुलींना सुट्टीचा जोडवर्ग.

दुसरा पर्याय वर्ग उशिरा, म्हणजे साडेसातनंतर घेण्याचा. इथे आयांनी मान हलवली. समाजमंदिराच्या कोपऱ्यावर रात्री पिणाऱ्यांचा अड्डा जमतो. तिथून मुलगी एकटी वर कशी येणार? शिवाय अभ्यासिकेच्या मुलांना खाली गलका नको होता.

तिसरा, शाळेची खोली. मुख्याध्यापिकाबाई मनापासून तयार होत्या, पण दुपारचं सत्र सुटल्यावर शिपाई कुलूप लावून जातो, आणि शाळेच्या वेळेबाहेर खोली वापरायची तर शिक्षण विभागाची लेखी परवानगी लागते. ती मिळेपर्यंत वर्ष सरलं असतं.

चौथा पर्याय बचत गटाच्या ताईंनी मांडला. वरच्या गल्लीत अंगणवाडी भाड्याच्या खोलीत भरते आणि दुपारी रिकामी होते. घरमालक ओळखीचा आहे. मुलींना खाली कशाला बोलावता, वर्गच वर न्या.

निर्णय

संस्थेनं तिथल्या तिथे ‘हो’ म्हटलं नाही, आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा थांबा होता. संयोजक मुलीनं अंगणवाडीच्या फरशीवर खडूनं मोठी घड्याळं काढली आणि प्रत्येकाला आपला दिवस त्यात भरायला सांगितलं. मुलगे आणि मुली दोघांनाही. शाळा, पाणी, भावंडं, पथक, गॅरेज, टीव्हीवरची मालिका, सगळं. तासाभरात फरशी भरून गेली.

तोवर सगळे ‘मुलींची अडचण’ म्हणत होते. फरशीवर भेग वेगळ्याच ठिकाणी दिसली. सकाळच्या सत्रातली मुलं साडेबाराला सुटतात. घरचं आवरून तीन ते पावणेपाच ती मोकळी असतात, मुली आणि मुलगेही. दुपारच्या सत्रातली मुलं साडेपाचला सुटून थेट पाण्याच्या, नाहीतर सरावाच्या वेळेत येतात. त्यांना साडेसातशिवाय वेळच नाही. म्हणजे गट पाडायचे ते शाळेच्या सत्रानुसार आणि गल्लीनुसार.

त्याप्रमाणे साडेपाचचा वर्ग बंद झाला. सकाळच्या सत्राच्या मुलांसाठी वरच्या अंगणवाडीत तीन ते पावणेपाच असा रोजचा वर्ग, आणि दुपारच्या सत्राच्या मुलांसाठी समाजमंदिरात आठवड्यातून तीनदा साडेसात ते पावणेनऊ. धाकट्या भावंडांना बरोबर आणायला परवानगी. कोपऱ्यात सतरंजी, पाट्या आणि अंगणवाडीचीच खेळणी. रात्री परतताना गल्लीवार घोळके करून बचत गटाच्या दोघींनी सोडायला जायचं ठरलं.

इथे एक मुद्दा अडला. त्या दोघींना मानधन द्यायचं की नाही? कंपनीच्या प्रतिनिधीचं म्हणणं, समाजाचा सहभाग म्हणून हे स्वेच्छेनं व्हावं. त्यावर बचत गटाच्या अध्यक्षाताई शांतपणे म्हणाल्या, ‘साहेब, तुम्ही इथे आलात ते पगारी वेळेतच ना?’ मानधन मंजूर झालं. पैसे काढले टी-शर्ट आणि वार्षिक कार्यक्रमाच्या रकमेतून, आणि त्यातूनच अंगणवाडीच्या खोलीचं भाडं आलं. अंदाजपत्रकात भाड्याला रकानाच नव्हता. तो रकाना मंजूर करून घ्यायला जितके ईमेल लागले तितके लॅपटॉप मागतानाही लागले नव्हते.

अभ्यासिकेचा प्रश्न मंडळाच्या अध्यक्षांनी सोडवला. वरची मुलं भरतीसाठी अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणी रोज घोटतच असतात. त्यांतल्या तिघांनी खाली येऊन पाऊण तास गणित घ्यायचं, बदल्यात संस्था अभ्यासिकेला रोजची दोन वर्तमानपत्रं आणि चालू घडामोडींची मासिकं लावून देईल. एकाला शिकवण्याची हातोटी निघाली. दुसरा फार रागवायचा, त्याला चार दिवसांत हजेरीच्या कामावर घेतलं. तिसरा मैदानी चाचणीच्या तयारीला लागल्यावर येईनासा झाला. तरीही महाविद्यालयाच्या मुलांपेक्षा ही व्यवस्था टिकली, कारण ती मुलं परीक्षा आली की गायब व्हायची आणि तास भरले की कायमची.

मंडळाला फलकावर नाव हवं होतं. दिलं. कंपनीच्या चिन्हापेक्षा मोठ्या अक्षरांत हवं होतं. तेही दिलं. फ्लेक्सवरून भांडण्यात कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

गणपती

2023 मध्ये गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला होती, पण समाजमंदिर वर्गाच्या हातून ऑगस्टमध्येच गेलं. देखाव्याचं सामान, थर्माकोलवर बंदी म्हणून आणलेले पुठ्ठे, रंगाचे डबे, ढोल. रात्रीचा वर्ग कुठे घ्यायचा? संस्थेतल्या एकदोघांचं मत मंडळाला परवानगीचं पत्र दाखवावं असं होतं. पत्र खरंच होतं, आणि दाखवलं असतं तर तो महिना मिळालाही असता. पुढचं वर्ष मिळालं नसतं.

म्हणून विसर्जनापर्यंत, 28 सप्टेंबरपर्यंत, रात्रीचा वर्ग अंगणवाडीत हलवला आणि तीनाऐवजी दोन दिवस केला. पथकातल्या मुलांना सूट दिली. मात्र मंडळाकडून एक गोष्ट मागून घेतली: पथकप्रमुखानं सरावाच्या आधी प्रत्येक मुलाला ‘आज शाळेत गेलास का’ विचारायचं, आणि नाही म्हटलं तर ढोल द्यायचा नाही. हे कितपत पाळलं गेलं याची नोंद कुणी ठेवली नाही. पण दोन पालकांनी आपणहून येऊन सांगितलं की पोरगा त्या महिन्यात शाळा चुकवत नव्हता.

सुरक्षिततेचा एक प्रसंग

कंपनीच्या एका तरुण स्वयंसेवकानं हौसेनं मुलामुलींचे नंबर घेऊन व्हॉट्सअ‍ॅप गट काढला. हेतू गृहपाठ पाठवण्याचाच होता. संयोजकेनं तो गट त्याच दिवशी बंद करायला लावला. कंपनीकडून थोडी नाराजी आली, पण पुढच्या बैठकीत नियम लेखी झाले: निरोप फक्त पालकांच्या नंबरवर, मुलांबरोबर कुणीही मोठं माणूस एकटं थांबणार नाही, किमान दोघं हवीत, बाहेरून येणाऱ्यांची चारित्र्य पडताळणी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा, तक्रार पोलिसांत नोंदवण्याची त्यातली प्रत्येकावरची जबाबदारी आणि 1098 हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक यांवर अभ्यासिकेतल्या मुलांसकट सगळ्यांचं एक सत्र झालं. हे जूनमध्येच व्हायला हवं होतं.

काय घडलं

दिवाळीनंतर दोन्ही वर्ग स्थिरावले. वरच्या गल्लीतल्या मुली येऊ लागल्या आणि थांबू लागल्या. हजेरी आता सुटतानाही घेतली जाते, त्यामुळे किती आले आणि किती टिकले हे वेगवेगळं दिसतं. एकूण आकडा मात्र उतरला, कारण कॅरमसाठी येणारे निम्मे मुलगे फिरकले नाहीत. कंपनीच्या अधिकाऱ्याला वरिष्ठांना हे समजावताना कष्ट पडले. शेवटी तिमाही तक्त्यात ‘लाभार्थी संख्या’ शेजारी ‘पूर्ण वेळ थांबलेल्या मुली’ असा रकाना वाढवून वाट काढली गेली. दुसऱ्या वर्षाचा निधी मिळाला, थोडा कमी.

लॅपटॉपची कथा थोडक्यात: कपाट खाली समाजमंदिरात, किल्ली एका कार्यकर्त्याकडे, तो गावी गेला की कोडिंग बंद. वरच्या वर्गाला ते यंत्र कधी मिळालंच नाही, आणि कुणी फारसं मागितलंही नाही. मुलींनी मागितलं ते इंग्रजीचं व्याकरण.

नववीतल्या बहुतेक मुली दहावीत गेल्या. दोघींनी शाळा सोडली. एक लग्नाच्या बोलणीमुळे गावी नेली गेली आणि ते वर्गाला कळलं तेव्हा ती गेलेली होती. कामावर जाणाऱ्या मुलांपर्यंत हा कार्यक्रम पोचला नाही. ती नऊनंतर घरी येतात. त्यांच्यासाठी रात्रशाळा किंवा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी, एवढीच माहिती देता आली, आणि तीही दोघांनाच.

वेगळं काय करता आलं असतं

वेळ हॉलवरून ठरवली, हा मूळ घोळ. वेळ ज्याच्या सोयीनं ठरते, वर्ग त्याचाच होतो, बाकीचे हजेरीपुरते. खडूच्या घड्याळांना एक दुपार आणि खडूचा डबा लागला. ते मे महिन्यात झालं असतं तर जून-जुलै वाया गेले नसते. मात्र मेमध्ये निम्मी वस्ती गावी असते, तेव्हा शाळा उघडल्यावर पहिला आठवडा वर्ग न घेता फक्त यासाठी ठेवणं जास्त व्यवहार्य. पैसे देणारे याला तयार होतील का, हा प्रश्न आहे. ‘पहिला आठवडा काहीच केलं नाही’ हे अहवालात वाईट दिसतं.

बचत गटाला खाऊचा पुरवठादार धरलं गेलं, हे मला सर्वांत खटकलं. वस्तीत कोणती मुलगी कधी मोकळी असते हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनाच पहिल्या बैठकीतून वगळलं होतं.

मंडळाबाबत मतभेद आहेत. संस्थेतल्या काहींना वाटतं की सार्वजनिक इमारतीसाठी मंडळाची मर्जी राखणं म्हणजे चुकीचा पायंडा, आणि हॉलची किल्ली क्षेत्रीय कार्यालयाकडून मागून घ्यायला हवी होती. तत्त्वाला हे धरून आहे. पण मुलींना रात्री सोडताना कोपऱ्यावरचा अड्डा ज्या दिवशी मंडळाच्या पोरांनी हटवला, त्या दिवशी क्षेत्रीय कार्यालयाचा उपयोग झाला नसता.

नव्या करारात आता ऑगस्ट आणि सप्टेंबर वेगळे लिहिले आहेत, अंगणवाडीच्या भाड्याला रकाना आहे, आणि वर्गाची वेळ दर तिमाहीला मुलांबरोबर बसून तपासायची असं कलम आहे. त्यातली पहिली तपासणी मार्चमध्ये करायची ठरली आहे, कारण उन्हाळ्यात वरच्या गल्लीची पाण्याची वेळ पुन्हा बदलते.